लिफ्टमनच्या सासऱ्यांचा डावा डोळा

गोष्टी कशा लिहायच्या हे शिकवायला आम्ही ज्या लेखकाला बोलावलं होतं, त्याचा निरोप वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी आला. मी वाचनालयाची ग्रंथपाल. अकरा जणांची नावं नोंदवून झाली होती, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतली जुनी मासिकं कपाटावर चढवून खुर्च्या मांडल्या होत्या, फळासुद्धा ओल्या फडक्याने पुसून घेतला होता. आणि हा माणूस लिहितो की घरी अचानक पाहुणे आले आहेत, शिवाय घसा बसला आहे, आणि तशातच गाडीही बिघडली आहे, तरी क्षमस्व.

मी तो निरोप आत्याला वाचून दाखवला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहते. ती खिडकीत बसून चष्म्याची काच पुसत होती.

"थापा मारतोय," मान वर न करता ती म्हणाली.

"कशावरून?"

"कारणं तीन आहेत. घसा खरंच बसला असता तर त्याला गाडीची आठवणही झाली नसती."

आत्या पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य कचेरीत एकतीस वर्षं रजा विभागात होती. सात मजली इमारत, बाराशे माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाचा रजेचा अर्ज तिच्या टेबलावरून पुढे जायचा किंवा तिथेच गतप्राण व्हायचा. समोर सगळे तिला बाई म्हणायचे आणि पाठ वळली की रजाबाई. एका कारकुनाने दोन वर्षांत मेहुणीच्या लग्नासाठी चार वेळा रजा मागितली, तेव्हा चौथ्या अर्जावर तिने शेरा मारला होता, 'मेहुणीला आता सांसारिक स्थैर्याची गरज आहे. नामंजूर.' तो कागद म्हणे अजून कुठल्या तरी टेबलाच्या काचेखाली जपून ठेवलेला आहे.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"आत्या, तू घे ना वर्ग."

"मी? मी जन्मात एक गोष्ट लिहिली नाही."

"पण वाचल्यास किती?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "लाखाच्या वर असतील," ती म्हणाली. "बहुतेक वाईट."

असा आमचा वर्ग सुरू झाला. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते सात. पहिल्याच दिवशी आत्याने फळ्यावर काही लिहिलं नाही की प्रस्तावना केली नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, "उद्याची रजा मागा. कारण खोटं पाहिजे. वेळ दहा मिनिटं."

अकरा जण खाली माना घालून लिहायला लागले. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे मास्तर होते, कॉलेजात शिकणारी एक सडपातळ मुलगी होती, जिला पुढे सगळे छोटी म्हणायला लागले. दहा मिनिटांनी आत्याने कागद गोळा केले आणि एकेक वाचून बाजूला टाकत गेली. सगळे नामंजूर.

"हे बघा," ती म्हणाली, "खोटं बोलणारा माणूस फार व्यवस्थित बोलतो. त्याला भीती असते की समोरचा विचारेल, म्हणून तो आधीच उत्तरं देऊन ठेवतो. खऱ्या माणसाला कुठे काय भीती? तो बोलता बोलता भरकटतो. कामाचं सांगायचं विसरतो आणि बिनकामाचं सांगून जातो. तुमच्या कागदांत सगळं कामाचंच आहे. डॉक्टरीणबाई, तुमच्या अर्जात आजारी पडलेला भाऊ आहे. त्याला काय आवडतं?"

"ते कशाला लिहायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नका लिहू. पण तुम्हाला माहीत पाहिजे. तुम्हालाच माहीत नाही, म्हणून तो आजारीसुद्धा वाटत नाही."

मग तिने पिशवीतून एक निळी वही काढली. नोकरीच्या काळात जे अर्ज तिला फार आवडले ते तिने या वहीत उतरवून ठेवले होते. हे मलाही माहीत नव्हतं. त्यातला एक तिने सावकाश वाचला.

"महोदया, माझ्या सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे. खरं तर उजवा जास्त खराब आहे, पण उजव्या डोळ्याने ते माझ्याकडे रागाने बघतात, त्यामुळे तो अजून कामाचा आहे असं त्यांचं म्हणणं. हॉस्पिटलमध्ये सोबत कोणीतरी लागतं. त्यांनी माझं नाव सुचवलेलं नाही. तरी तीन दिवस रजा मिळावी."

वर्गात हशा पिकला. आत्या हसली नाही.

"'त्यांनी माझं नाव सुचवलेलं नाही.' हे वाक्य बघा," ती म्हणाली. "रजा मागायला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. उलट नुकसानच. म्हणजे मी म्हणू शकले असते की मग जाता कशाला. पण हे वाक्य वाचलं आणि मी पेन उचलून सही केली. पुढचं मागचं काही विचारलं नाही. खरं असं बोलतं. तुमचं खोटं जेव्हा असं बोलेल तेव्हा त्याला गोष्ट म्हणायचं."

तो अर्ज कोणाचा ते तिने सांगितलं नाही. पण मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसलेले एक गृहस्थ स्वतःच्या बुटांकडे टक लावून बघत होते. ते तिच्याच कचेरीतले निवृत्त लिफ्टमन होते. आत्यानेही त्यांना केव्हाच ओळखलं होतं.

लिफ्टमनकाका वर्गात का आले हे त्यांनी मला नाव नोंदवतानाच सांगितलं होतं. "आमच्या लिफ्टमध्ये माणसं बोलत यायची," ते म्हणाले होते. "तळमजल्यावर सुरू करायची, तिसऱ्यावर उतरून जायची. माझ्याकडे हजारो गोष्टींचे मधलेच तुकडे पडलेत. पुढे काय झालं ते एकाचंही माहीत नाही. आता म्हटलं, आपणच लावून टाकावं." एवढं बोलून ते जे गप्प झाले, ते चार गुरुवार गप्पच होते. कागदावर तीन-चार ओळी लिहायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे.

चौथ्या गुरुवारी ड्रायव्हिंग मास्तरांचा धीर सुटला. त्यांची सातवी गोष्ट नामंजूर झाली होती.

"बाई, तुम्हाला पटेल असं काही या जगात आहे का?" ते म्हणाले. "का एकतीस वर्षांत तुम्हाला कोणी शेंडी लावलीच नाही?"

"नाही लावली," आत्या म्हणाली.

"एकानेही?"

"एकानेही नाही." मग तिलाही जरा चेव आला असावा. "तुम्ही लावून दाखवा. तुमच्यापैकी कोणाचीही बनवलेली गोष्ट मी एक अख्खा दिवस खरी धरून चालले, तर पुढच्या गुरुवारी मी स्वतः गोष्ट लिहीन आणि इथे उभी राहून वाचेन. तुम्ही सगळे बसून नावं ठेवा."

हे ऐकल्यावर वर्गाला जे उधाण आलं ते विचारू नका. इतके दिवस माना मोडून लिहिणारी माणसं आता रस्त्यात भेटली तरी कुजबुजायला लागली. पुढच्या गुरुवारी आत्यावर चहूबाजूंनी हल्ले झाले.

पहिले मास्तर. ते हात गळ्यात अडकवून आले आणि शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबल्यामुळे गाडी भाजीच्या दुकानात कशी शिरली याचं साग्रसंगीत वर्णन केलं. अगदी कोबी कुठवर घरंगळत गेला इथपर्यंत. आत्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि हजेरीची वही पुढे केली. मास्तरांनी गळ्यातला हात काढून झोकात सही केली. त्यानंतर पाच मिनिटं वर्ग चालू शकला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की त्या दवाखाना बंद करून समुद्रकाठी राहायला जाणार. हवा चांगली, गर्दी नाही, बहीण तिकडेच असते आणि मुळात दातांचा कंटाळा आलाय.

"कारणं चार," आत्या म्हणाली. "दातांचा कंटाळा हे एकटं सांगितलं असतंत तर मी आज झोपले नसते."

छोटीने त्या दिवशी येण्याऐवजी चिठ्ठी पाठवली होती, की तिला ताप आहे, एकशे एक पूर्णांक चार. आत्याने त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवलं, 'ताप आलेली मुलगी आईला विचारते किती आहे, आणि आई म्हणते, पडून राहा. दशांश चिन्ह कोणी सांगत नाही. ये.' छोटी खालीच वाचनकक्षात बसली होती. ती तोंड लपवत वर आली.

सगळ्यांचा असा पचका झाल्यावर वर्ग सुटला. लोक हसत, एकमेकांना टोमणे मारत जिना उतरले. मी खुर्च्या लावत होते. लिफ्टमनकाका मात्र दाराशी घुटमळत राहिले.

"बाई, एक बोलायचं होतं," ते म्हणाले. "पण वर्गासमोर नको होतं."

"बोला."

"तो निळ्या वहीतला अर्ज माझा आहे."

"मला माहीत आहे."

"तो तुम्ही आता वाचू नका. म्हणजे खरा म्हणून वाचू नका." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मला सासरे नाहीत. बायको चार वर्षांची होती तेव्हाच ते गेले. भिंतीवर फोटो आहे त्यांचा. फोटोत दोन्ही डोळे चांगले आहेत."

आत्याच्या हातातलं डस्टर हातातच राहिलं.

"मग तीन दिवस?" तिने विचारलं.

"तेच तर लिहिता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा लिफ्ट चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं वर आणि खाली. एक दिवस मनात आलं, की जरा आडवं जाऊन बघावं. पहिल्या दिवशी घरातून निघालो आणि सरळ चालत राहिलो. कुठे वळायचंच नाही असं ठरवलं होतं. दुपारी रस्ता संपला. तिथे एक रंगाचं दुकान होतं. दुकानदाराने विचारलं काय हवं, मी म्हटलं काही नको, तर त्याने बसायला डबा दिला. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला गेलो. तिकडे एवढं लांब जाता येत नाही, रूळ आडवे येतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा रंगाच्या दुकानात गेलो, पण ते बंद होतं." ते थांबले. "हे कारण लिहिलं असतं तर तुम्ही सही केली असतीत?"

आत्याने डस्टर फळ्याच्या कडेला ठेवलं. लिफ्टमनकाका मान लववून निघून गेले. जिन्यावर त्यांचे बूट वाजत राहिले, एकसारखे, सावकाश.

त्या आठवड्यात मी आत्याला जशी बघितली तशी कधी बघितली नव्हती. शुक्रवारी सकाळी खाली गेले तर ती निळी वही पुढ्यात घेऊन बसली होती आणि पानापानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढत होती.

"हा बघ," ती म्हणाली, "याच्या घराची भिंत पडली होती. मी मंजूर केली. आता मला वाटतं, भिंत होती का? आणि तो मेहुणीवाला, ज्याची मी टिंगल केली. काय सांगावं, खरंच चार वेळा लग्न झालं असेल बिचारीचं."

"आत्या, एका माणसाने एकदा फसवलं, एवढंच ना."

"एकदा नाही. ज्या कागदावर मी सगळा वर्ग उभा केला, तोच खोटा निघाला. खरं असं बोलतं, असं मी छातीठोक सांगितलं. माझ्या नाकावर टिच्चून तो माणूस मागच्या रांगेत बसून ऐकत होता."

शनिवारी तिने माझ्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. तिच्या वळणदार अक्षरात, तारीख-वार घालून. वर्ग शिकवण्याच्या कामातून कायमची रजा मिळावी. कारण: मला कळत नाही. मी तो तीनदा वाचला. तिच्याच कसोटीवर तो बावनकशी होता, आणि म्हणूनच मला धडकी भरली.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"आधी चौकशी होते ना? तू नोकरीत असताना संशय आला की घरी जाऊन बघायचीस. मग जाऊ या. तो फोटो बघू. फोटो असेल तर मी सही करते."

आत्या माझ्याकडे रोखून बघत राहिली. मग म्हणाली, "पत्ता आहे?"

"हजेरीच्या वहीत आहे."

रविवारी चार वाजता आम्ही निघालो. लिफ्टमनकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर आत्या कठड्याला धरून उभी राहिली. "गेल्यावर काय म्हणायचं?" तिने विचारलं. आयुष्यात दोनशे घरांची दारं तिने अशी वाजवली असतील. मी म्हटलं, "म्हणू, इकडून चाललो होतो." ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरून?"

शेवटी बेल मीच वाजवली. आतून काठीचा आवाज आला, बराच वेळ आला, आणि दार उघडलं. एक ऐंशीच्या पुढचे म्हातारे उभे होते. अंगात घरचा बिनबाह्यांचा स्वेटर, त्याची बटणं एक घर चुकून लावलेली. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि उजव्या डोळ्याने आमच्याकडे असं बघितलं, की मी नकळत एक पायरी खाली उतरले.

"काय पाहिजे?"

"लिफ्टमन इथेच राहतात ना?" मी विचारलं.

"राहतो. मुलगी आणि तो बाजारात गेलेत. पिशवी विसरून गेलेत, म्हणजे परत येतील."

"मुलगी म्हणजे..." आत्याचा आवाज बारीक झाला होता. "आपण त्यांचे कोण?"

"मी त्याचा कोणी नाही. तो माझा जावई आहे."

आत्याने माझा दंड धरला. मग तिने जो प्रश्न विचारला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. अनोळखी माणसाच्या दारात उभी राहून, अगदी कचेरीतल्या सुरात तिने विचारलं, "आपल्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय का?"

म्हाताऱ्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "झालंय. डावा. बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "तेव्हा हा माझ्यासोबत हॉस्पिटलमध्ये तीन दिवस येऊन बसला होता. मी बोलावलं नव्हतं."

आत्या वळली, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून गदगदायला लागली. मला आधी वाटलं रडतेय. वाकून बघितलं तर हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. म्हातारे आतून पाण्याचा पेला घेऊन आले, अर्धा वाटेत सांडून.

तेवढ्यात लिफ्टमनकाका आणि काकू विसरलेली पिशवी घ्यायला जिना चढून आले. आत्याला पायरीवर बसलेली बघून काका जागच्या जागी थिजले.

"बाई, मी सांगणारच होतो," ते म्हणाले. "एक दिवस म्हणाला होतात. पण शुक्रवार गेला, शनिवार गेला, म्हटलं गुरुवारपर्यंत होऊन जाऊ दे."

"म्हणजे अर्ज खरा."

"शब्दन् शब्द."

"आणि चालत गेलात, तो रस्ता? ते रंगाचं दुकान?"

"ती गोष्ट," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "तुम्हीच शिकवलंत ना, बिनकामाचं काहीतरी पाहिजे. म्हणून त्याला बसायला डबा दिला."

"कसली गोष्ट?" काकूंनी विचारलं.

काकांचं हसू ओसरलं. तेव्हा आत्यानेच सरळ सांगून टाकलं, की तुमच्या वडिलांचा फोटो भिंतीवर आहे आणि तुम्ही चार वर्षांच्या असताना ते गेले.

"तुम्ही बाबांना मारलंत?" काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"गोष्टीत. फक्त गोष्टीत."

"मी चार वर्षांची असताना?"

"बारा म्हटलं असतं तर तुला ते आठवले असते. मग खूप बनवावं लागलं असतं."

म्हातारे दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होते. उजवा डोळा जावयावर रोवलेला. "मी मेलो कशाने?" त्यांनी विचारलं.

"ते बाईंनी विचारलं नाही."

"विचारलंसुद्धा नाही?" म्हातारे आत्याकडे वळले. बोलावलं नसताना कोणी हॉस्पिटलमध्ये येऊन बसतं ते त्यांनी एक वेळ सोडून दिलं असेल. पण आपण मेलो आणि कोणी कारणही विचारलं नाही, हे मात्र त्यांना फार लागलं.

आत्याने पेला खाली ठेवला. "खरंच नाही विचारलं," ती म्हणाली. "चौकशी करणं हेच माझं काम, आणि मी एक प्रश्न विचारला नाही. रंगाच्या दुकानाचं ऐकलं आणि मी तिथेच अडकले." ती लिफ्टमनकाकांकडे बघत होती. "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रजेवर सह्या केल्या. एखाद्या दिवशी उठावं आणि कुठेही न वळता चालत सुटावं, असं मला किती वेळा वाटलं असेल. तुम्ही गेलात म्हणालात, तर मला वाटलं, चला, कोणीतरी गेलं."

काकूंनी दार पूर्ण उघडलं आणि आम्हाला आत घेतलं. चहा झाला. म्हातारे सबंध वेळ जावयाशी बोलले नाहीत, पण त्याच्या कपातली साखर ढवळून द्यायला विसरले नाहीत.

गुरुवारी आत्याने शब्द पाळला. वर्गात बातमी आधीच पोचली होती. मास्तर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, पाय पसरून बसले होते. छोटीने लाल पेन आणलं होतं. आत्या उभी राहिली, कागद उघडला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मी तिला इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

गोष्ट अकरा ओळींची होती. एका कचेरीतली रजा देणारी बाई एके दिवशी आलेले सगळे अर्ज न वाचताच मंजूर करते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात मजल्यांवर ती एकटीच असते. ती सगळ्या टेबलांवरून फिरते, कोणाच्या खणात काय आहे ते बघते, एका खणात तिला अर्धी विणलेली लोकरीची टोपी सापडते. ती खुर्चीत बसून टोपी विणायला घेते. एवढीच.

"पुढे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुढे मला सुचलं नाही."

"टोपी कोणाची होती?"

"ते मला माहीत आहे, पण मी लिहिलं नाही."

"बाई, तिला विणता येतं हे आधी कुठे सांगितलंय?" मास्तर म्हणाले. एवढ्या आठवड्यांचा सूड त्यांनी त्या एका वाक्यात उगवला. छोटीने दोन जागी लाल खुणा केल्या. आत्याने सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपलंही, आणि घरी जाताना मला म्हणाली, "अर्ज नामंजूर झाला की माणसाला पोटात असं होतं होय." दोन दिवस ती ती गोष्ट दुरुस्त करत होती. आम्ही जिन्यात भेटलो की मला नव्याने वाचून दाखवायची.

त्याच गुरुवारी आणखी एक गोष्ट झाली. वर्ग अर्ध्यावर आला असताना जिन्यावर काठी वाजली आणि लिफ्टमनकाकांच्या मागोमाग त्यांचे सासरे खोलीत शिरले. जावयाला त्यांनी दोन पायऱ्या पुढे ठेवलं होतं. त्यांनी सगळ्यांवरून एकदा डोळा फिरवला, मधली खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "नाव लिहा. मला याला उत्तर द्यायचंय."

उत्तर द्यायला त्यांना तीन आठवडे लागले. दिसायला कमी, त्यामुळे अक्षर बोराएवढं, आणि एका ओळीत चार शब्द. अखेर ते कागदांची चळत घेऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. त्यांच्या गोष्टीत पहिल्याच ओळीत जावई मेला होता. आणि कशाने मेला ते आम्हाला सव्वा पान ऐकावं लागलं. त्यात एक पडकी विहीर होती, एक रागीट बैल होता, चुकीचं औषध होतं, आणि वरून वीजही पडली. वर्ग हसून हसून लोळत होता. खुद्द मयत मागच्या रांगेत डोळे पुसत होते.

"कारणं चार झाली," आत्या म्हणाली.

"मला चारही पाहिजेत," म्हातारे म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

दुसऱ्या पानावर घर शांत झालं. सासऱ्यांना मोठी खोली मिळाली. रेडिओ हवा तेवढा मोठा लावता येऊ लागला. तिसऱ्या पानावर डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झाली. मुलीचा हात थरथरतो, थेंब गालावर पडतो. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचून दाखवायला कोणी नाही. सासरे स्वतः वाचायला जातात आणि भलत्याच बातमीवर चिडतात. इथे म्हाताऱ्यांचा आवाज जरा खाली आला. वर्गातलं हसू थांबलं होतं.

चौथ्या पानाच्या सुरुवातीला जावई दारातून आत आला आणि त्याने चहा टाकला.

"थांबा," आत्या म्हणाली. "तो तर विहिरीत पडून, बैलाने मारून, वीज पडून गेला होता. परत कसा आला?"

"आला."

"कारण द्या."

"कारण कसलं? माझ्या डोळ्यांत थेंब घालायचे राहिलेत," म्हातारे म्हणाले, आणि पान उलटून पुढची ओळ शोधू लागले. ती त्यांना सापडेना. तेव्हा लिफ्टमनकाका मागून उठून आले, त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि बोटाने ओळ दाखवली.